बारावीनंतर लगेच परदेश, की पदवी हातात घेऊन? नागपूरच्या घरांसाठी एक तुलना

परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यात गेलं की आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, देश कोणता बरा? कन्सल्टन्सीवाल्यालाही हाच प्रश्न सोयीचा, कारण प्रवेश झाला की बऱ्याच विद्यापीठांकडून त्याला कमिशन मिळतं. पोट्टं आत्ता जायच्या लायकीचं झालंय का, हे तो कशाला विचारेल? म्हणून इथे देशांची तुलना नाही. बारावीनंतर लगेच जाणं आणि इथे पदवी घेऊन मास्टर्सला जाणं, एवढे दोनच रस्ते शेजारी ठेवून पाहतो. माझा कल आधीच सांगतो: बहुतेक घरांना दुसरा रस्ता परवडतो. पण पदवी झाली म्हणजे तयारी झाली, हे मात्र मला मान्य नाही.

आधी पैसा

अमेरिकेत बॅचलर चार वर्षांचं, ब्रिटनमध्ये बहुधा तीन. मास्टर्स अमेरिकेत दीड-दोन वर्षांत आटोपतं, ब्रिटनमध्ये बहुतेक एका वर्षात. फी, भाडं, विमा, सगळं त्याच हिशेबाने वाढतं किंवा घटतं. 'तिथे काम करून भागवेल' हे गृहीत धरू नका. अमेरिकेच्या एफ-१ व्हिसावर शिकतानाची परवानगी सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची, तीही कॅम्पसमधल्या कामाची. त्यातून किराणा सुटेल, फी नाही.

कर्जाचं म्हणाल तर मोठ्या रकमेला बँक तारण मागते आणि विदर्भातली घरं नेमकी इथे अडतात. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, पण शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बहुतेक बँका तयार नसतात. बेसा भागातला फ्लॅट किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट चालतो. म्हणजे राहतं घरच गहाण. चार वर्षांच्या कोर्सला पाठवलेलं पोर दुसऱ्या सेमिस्टरला मन लागत नाही म्हणून परत आलं, तरी बँकेचा हप्ता काही परत जात नाही.

शिष्यवृत्तीत तर दोन्ही रस्त्यांत फारच अंतर आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. दोन्ही मास्टर्स आणि पीएचडीसाठी. बारावीवाल्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. बाबासाहेबसुद्धा १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले ते बी.ए. होऊनच, बाविसाव्या वर्षी. आपल्या घराला अशी शिष्यवृत्ती लागू होत असेल तर बारावीनंतर पाठवायची घाई म्हणजे हातचा पैसा सोडणं.

उलट बाजूही आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यालाही बॅचलरला घेताना घरची ऐपत बघत नाहीत आणि निवड झाली की गरजेइतकी पूर्ण मदत देतात. तिथवर पोचणारी मुलं विरळा. पण तुमच्या घरात तसं कोणी असेल तर थांबवू नका.

पात्रतेतल्या मेखा

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, हे आता सगळ्यांना पाठ आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, हे कमी जणांना माहीत असतं. आणि आपली नुसती बारावी बॅचलरच्या थेट प्रवेशाला तिथे साधारणपणे पुरत नाही, हे तर बॅग घेऊन झाल्यावर कळतं. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असावं लागतं किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं निदान एक वर्ष झालेलं लागतं. बॅचलरचं शिकवणं बहुतांशी जर्मनमध्ये, इंग्रजीतून शिकवणारे कोर्स मास्टर्सला जास्त.

पदवीवाल्यांची मेख वेगळी. बी.एस्सी., बी.कॉम. तीन वर्षांत उरकलेल्यांना अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मास्टर्सला घेत नाहीत, त्यांना सोळा वर्षांचं शिक्षण हवं असतं. ब्रिटनला तीन वर्षांची पदवी चालते. अमेरिका डोक्यात असेल तर चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं का, हे दुसऱ्या वर्षीच ठरवा. बॅकलॉग असतील तर ते ट्रान्सक्रिप्टवर दिसतात, त्यामुळे 'सप्लीत काढून टाकू' हा आपल्याकडचा दिलासा तिथे फारसा कामाचा नाही.

आणि पोरगं?

नागपूरचं बारावीचं मूल म्हणजे बऱ्याचदा डमी अ‍ॅडमिशनवालं मूल. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज आणि चार पर्यायांतला एक गोल काळा करणं. गणित पक्कं असतं. पण इंग्रजीत स्वतःच्या मनाने दोन पानं लिहिलेली नसतात, आणि तिथे पहिल्याच महिन्यात निबंध लागतो, तोही उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जाणारा. मात्र या वयात सवयी मोडतात लवकर. वर्गात हात वर करून विचारायला अठराचं पोर सहा महिन्यांत शिकतं.

पदवीवाल्याचं उलट. वय बावीस, प्रोजेक्ट केलेला, कदाचित मिहानमधल्या एखाद्या कंपनीत वर्षभर नोकरीही केलेली. आपल्याला काय शिकायचंय हे त्याला सांगता येतं आणि मास्टर्सच्या अर्जात हेच विचारतात. पण हाच इंजिनिअर चारही वर्षं मनीषनगरच्या घरातून गाडीवर कॉलेजला गेलेला असतो. सकाळी डबा तयार, परीक्षेच्या आदल्या रात्री मागच्या पाच वर्षांचे पेपर, झालं. असा बावीसचा मुलगा आणि पुण्याला खोली करून राहिलेली एकोणीसची मुलगी शेजारी उभे केलेत तर मी मुलीला आधी पाठवीन. तिचं भाडं थकलंय, मेस बंद पडलीय, तापात एकटीने डॉक्टर शोधलाय.

म्हणून वय आणि मार्क बाजूला ठेवून मी एकच पाहतो: धावपळ कोण करतंय? पासपोर्टची अपॉइंटमेंट कोणी घेतली, प्राध्यापकांना शिफारसपत्रासाठी ईमेल कोणी लिहिला, कोर्सची पानं कोणी वाचली, अमेरिकेच्या व्हिसा मुलाखतीला विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट कोणी काढलं? सगळ्याचं उत्तर 'बाबा' किंवा 'कन्सल्टन्सीवाले सर' असेल तर मूल तयार नाही, मग बारावी असो की बी.ई. आईबाबांना हे आवडत नाही, कारण बाबांनी केलेलं काम नीटनेटकं होतं आणि मुलाने केलेलं अर्धवट. अर्धवटच होऊ द्या. विमा कसा काढायचा हे विचारायला तिथून तुम्हाला फोन आला, तर तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र असू शकते.

मग कोणी काय करावं

जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास, स्वतःचे अर्ज स्वतः भरणारं, घरापासून दूर राहून आलेलं आणि घरच्यांना तारण न ठेवता चार वर्षं पेलणारं मूल असेल तर बारावीनंतर जावं. यातलं एक नसलं तरी मी दोनदा विचार करीन, दोन नसली तर पदवीपर्यंत थांबा म्हणेन. आणि ही चार वर्षं घरी नको, जमेल तर हॉस्टेलवर. नागपुरातच प्रवेश मिळाला तरी.

अधेमधे असलेल्यांसाठी एक वाट आहे. इथे पदवीला बसायचं, सोबत जर्मन शिकायचं आणि पहिलं वर्ष नीट पास झाल्यावर जर्मनीतल्या बॅचलरचा विचार करायचा. भाषा झेपली नाही तर इथली पदवी चालूच आहे, मास्टर्सचा दरवाजा उघडाच आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे १२ लाखांच्या आसपास रुपये, दाखवावे लागतात. ही रक्कम मोडायची एफडी की कर्ज, ते अर्जाआधी ठरवा. एपीएसचा, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीसाठी तपासून घेण्याचा, अर्ज सगळ्यात आधी टाका. २०२२ च्या नोव्हेंबरपासून त्या प्रमाणपत्राशिवाय भारतीय विद्यार्थ्याच्या व्हिसाची फाईल पुढे सरकत नाही, आणि तो अर्ज मुलालाच भरू द्या.