यूएसबी कॅप्चर स्टिक: दोन तारे, तेही मोठ्या मनाने

जुन्या मिनीडीव्ही टेपा संगणकावर घ्यायला ही स्टिक आणली. कॅमकॉर्डरच्या इवल्याशा पडद्यावर झोक्यावरची लेक लख्ख दिसते. एडिटिंगला घेतलं, तर हात हलला की त्याला कंगव्याचे दात फुटलेले आणि लाल फ्रॉकचा रंग कडेने ओघळलेला! आठवडाभर एक्सपोर्टची सेटिंग्ज उलटीपालटी केली. फुकट गेला आठवडा.

टेपवरचं चित्र मुळात डिजिटल. स्टिकला जोडायच्या पिवळ्या व्हिडिओ पिनेतून ते अ‍ॅनालॉग होऊन बाहेर पडतं, स्टिक त्याला परत डिजिटल करते आणि वर दाबून बारीकही करते. मग तीच टेप फायरवायरने, म्हणजे डिजिटल चित्र जसंच्या तसं संगणकात नेणाऱ्या केबलने घेतली. तासाला १३ जीबीच्या आसपास जागा खाल्ली, पण फ्रॉकची कड जागेवर आली.

कंगवा मात्र तिथेही होताच. तो इंटरलेसिंगचा, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपण्याचा; त्यापायी स्टिकला उगाच शिव्या घातल्या. टेप पाल या टीव्ही पद्धतीची, म्हणून प्रोजेक्ट ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, लोअर फील्ड फर्स्ट (खालच्या ओळींचा भाग आधी) असा लावला, एक्सपोर्ट करताना डीइंटरलेस केलं, म्हणजे ओळींच्या भागांतून अखंड फ्रेम बनवल्या, तेव्हा कुठे दात गेले.

व्हीएचएस कॅसेट मुळातच अ‍ॅनालॉग, तिच्यासाठी स्टिक चालून जाईल. कॅमेऱ्याला फायरवायर असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.