मित्रांची सायकल सहल ठरवताय? आयोजकाला पैसे देण्याआधी हे वाचा

जुन्या मित्रमैत्रिणींनी बऱ्याच वर्षांनी एकत्र यायचं, काही दिवस सुंदर वाटांवरून सायकली चालवायच्या आणि रात्री मुक्कामावर गप्पा मारत बसायचं, असा बेत तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात असेल. आमचाही तोच होता. ज्या आयोजकावर सगळी व्यवस्था सोपवली, त्याने आम्हाला फसवलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण मला खरा संताप येतो तो त्याने आमच्या मैत्रीचा हत्यारासारखा वापर केला याचा. ही पद्धत कुठल्याही मित्रमंडळींवर तितकीच चालेल, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आम्ही दहा-बारा जण शिकत असताना एकत्र होतो, नंतर चार दिशांना पांगलो. आयोजकाशी आधी आमच्यातल्या एकाचंच बोलणं झालं. मग त्याने सगळ्यांचे नंबर मागितले. कारण पटण्यासारखं होतं: प्रत्येकाची उंची आणि पायाचं माप घ्यायचंय, सायकली त्यानुसार लावायच्यात. आमचा सगळ्यांचा एक ग्रुप होता, पण त्यात यायला तो तयार नव्हता. "ग्रुपवर गोंधळ होतो, मी एकेकाशी नीट बोलतो," असं म्हणाला. आज मागे वळून पाहताना वाटतं, सगळी फसवणूक या एका वाक्यात होती.

आमच्या एका मैत्रिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला ई-सायकलच हवी होती. तिला त्याने सांगितलं, "बाकी सगळ्यांनी पूर्ण रक्कम भरली, फक्त तुमच्यामुळे बुकिंग अडलंय." तिने लगेच पैसे पाठवले. मग दुसऱ्या मित्राला फोन केला, "तुमच्या मैत्रिणीने ई-सायकलचे पैसे भरले आहेत. आता तुम्ही मागे हटलात तर ग्रुप कमी होईल आणि तिचे पैसे बुडतील." त्यानेही भरले. नंतर आम्ही सगळ्यांच्या पावत्या तारखेनुसार लावून पाहिल्या. मैत्रिणीला फोन गेला तेव्हा आमच्यापैकी एकानेही रुपया भरलेला नव्हता. प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव सांगून त्याने सगळ्यांकडून पूर्ण रक्कम काढली होती. मित्राला फोन करून "तू खरंच पैसे भरलेस का रे?" असं कोण विचारतं? ते विचारायचा संकोच वाटतो, आणि त्याचा धंदा या संकोचावरच चालतो. तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचा आग्रह धरणारा आयोजक भेटला, तर तिथेच थांबा. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोल म्हणावं.

विश्वास बसायला त्याने पाठवलेला फॉर्मही कारणीभूत ठरला. त्यात पायाचं आतल्या बाजूचं माप, पेडलचा प्रकार, जुनी दुखणी, रक्तगट, घरच्यांचा नंबर असं सगळं विचारलं होतं. इतकं बारीक विचारणारा माणूस कामात चोख असणार असं कुणालाही वाटेल. पण फॉर्म तयार करायला काहीच लागत नाही. प्रश्न विचारले म्हणून उत्तरं वाचली असं होत नाही.

ई-सायकलच्या बाबतीत तर आयोजकावर विसंबण्यावाचून इलाजच नसतो, हे तो पुरेपूर ओळखून होता. लिथियम बॅटरी १६० वॉट-अवरपेक्षा (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) मोठी असेल तर प्रवासी विमानात सामान म्हणून नेता येत नाही, आणि ई-सायकलची बॅटरी सहसा ४००-५०० वॉट-अवरची असते. विमानाने येणाऱ्याला स्वतःची ई-सायकल सोबत आणता येत नाही, तिथे पोचल्यावर भाड्यानेच घ्यावी लागते. म्हणून ज्याला ई-सायकल लागणार आहे त्याने निघण्यापूर्वीच नेमकी कुठली सायकल मिळणार, तिचं मॉडेल कुठलं, बॅटरी किती वॉट-अवरची आणि किती जुनी, हे लेखी मागावं. सोबत त्याच सायकलचा पूर्ण चार्जचा आकडा दिसणारा ताजा फोटोही मागावा. आमच्या मैत्रिणीला जी मिळाली तिची बॅटरी पहिल्या मोठ्या चढावरच संपली. मोटर बंद पडली की ई-सायकल म्हणजे नेहमीच्या सायकलपेक्षा कितीतरी जड धूड. ती तिने ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने ढकलली, आम्ही आळीपाळीने हात लावत होतो. सीटची दांडी गंजून अडकलेली होती, त्यामुळे सीट वर घेता येत नव्हती. सीट खाली राहिली की गुडघा पेडलच्या प्रत्येक फेरीला जास्त दुमडतो आणि पुढच्या बाजूने दुखायला लागतो. ते दुखणं तिला परतल्यावरही कितीतरी दिवस पुरलं. याची भरपाई कुठल्या परताव्यात होते?

मार्गाबद्दल तो सरळसरळ खोटं बोलला होता. "जुन्या रेल्वेलाइनवरची वाट आहे, चढ जाणवणारही नाही," हे त्याचे शब्द. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या अशा वाटा जगात अनेक आहेत आणि नव्याने सायकल चालवणाऱ्यांसाठी त्या खरोखर उत्तम असतात. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून रूळ टाकतानाच चढ साधारण शेकडा दोन-तीनच्या आत ठेवलेला असतो. अमेरिकेतला कंबरलंड ते पिट्सबर्ग हा सुमारे २४० किलोमीटरचा ग्रेट अलेगेनी पॅसेज डोंगररांग ओलांडतो, तरी त्यावरचा चढ शेकडा दोनच्या आत आहे. तेव्हा कुणी रेल्वेलाइनची वाट म्हणाला तर त्याच्याकडून जीपीएक्स फाइल (मार्गाचा नकाशा आणि उंची साठवलेली फाइल) मागा आणि ती कुठल्याही नकाशाच्या अ‍ॅपमध्ये उघडून उंचीचा आलेख बघा. एका किलोमीटरमध्ये ८० मीटर उंची वाढत असेल तर तो शेकडा आठचा चढ झाला, आणि तिथून साधी आगगाडी गेलेली असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. आमच्या आयोजकाने "फाइल निघायच्या दिवशी देतो, मार्ग आमचा खास आहे, बाहेर जाऊ देत नाही" असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात एक छोटा तुकडा सोडला तर सगळा रस्ता वाहनांचा, घाटाचा, आणि कडेला चालायलाही जागा नसलेला.

फोटोंचीही तीच तऱ्हा. त्याने पाठवलेल्या चित्रांत रस्त्याच्या कडेने एक निळी पट्टी आखलेली होती. "या पट्टीवरून जात राहा, चुकणं शक्यच नाही," असं तो प्रत्येकाला म्हणाला होता. आम्ही ती पट्टी शोधत राहिलो. ती सापडली नाही, कारण ती जपानमध्ये आहे. ओनोमिची ते इमाबारी हा बेटाबेटांवरून पूल ओलांडत जाणारा सुमारे ७० किलोमीटरचा शिमानामी काइदो मार्ग, तिथे सायकलस्वारांना वाट कळावी म्हणून ही निळी रेघ मारलेली आहे. एका मित्राने मुक्कामावर बसून तो फोटो गुगल लेन्समध्ये (फोटोवरून तो कुठला ते शोधून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये) टाकला तेव्हा हे कळलं. काम मिनिटभराचं आहे. प्रत्येक फोटोवर करा.

आता सायकलींबद्दल. मापं घेऊनही सगळ्या सायकली एकाच मापाच्या निघाल्या. आमच्यातला सहा फुटांवरचा मित्र आणि सगळ्यांत बुटकी मैत्रीण, दोघांना सारखीच फ्रेम. चेन इतक्या झिजलेल्या की जोर लावला की दात सोडून उडायच्या. चेन तपासायला यंत्र लागत नाही, साधी पट्टी पुरते. चेनच्या पिना अर्ध्या इंचावर असतात. एका पिनेवर शून्य धरलं की चोविसावी पुढची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायच्या लायकीची झाली आहे, १/८ इंच पुढे असेल तर तिच्यासोबत मागची दातेरी चक्रंही गेलेली असण्याची शक्यता मोठी. उतारावर एका मित्राच्या डिस्क ब्रेकमधून धातूवर धातू घासल्याचा आवाज यायला लागला. पॅड पार संपलेले होते. तो वेळीच उतरला म्हणून हे फक्त पैशांच्या फसवणुकीबद्दल लिहिता येतंय.

आणि सामान! हे वाचताना प्रत्येकाने आपल्या सहलीशी ताडून बघावं. सपोर्ट गाडी आमच्या बॅगा पुढच्या मुक्कामी नेणार, आम्ही हलक्या अंगाने सायकल चालवणार, असा करार होता. पहिला मुक्काम ठीक झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा गाडीत चढल्या, आम्ही निघालो, आणि दुपारी फोन आला: डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता आणि "मार्गातला बदल" याचे जास्तीचे पैसे आधी पाठवा, मग गाडी पुढे येईल. बदल त्यानेच केला होता. दोघांची रोजची औषधं त्या बॅगांमध्ये होती. आजूबाजूला वस्ती नाही, उन्हं उतरलेली, हातात फक्त पाण्याच्या बाटल्या. पैसे पाठवण्याशिवाय काय करणार? मी याला खंडणी म्हणते, दुसरं काही म्हणायची माझी तयारी नाही. औषधं, ओळखपत्र, चार्जर, एक गरम कपडा आणि पंक्चरचं सामान नेहमी स्वतःच्या अंगावर किंवा सायकलवर असू द्या, गाडी कितीही विश्वासाची असली तरी.

त्या रात्रीच्या मुक्कामी समजलं की खोल्या नुसत्या फोनवरून "धरून ठेवा" म्हणून सांगितल्या होत्या. एक पैसाही तिथे पोचला नव्हता. त्या निवासाच्या मालकीणबाई भल्या होत्या, त्यांनी आम्हाला रात्री रस्त्यावर सोडलं नाही. पण त्यांचे पैसे आम्हालाच द्यावे लागले, म्हणजे त्याच खोल्यांचे दुसऱ्यांदा. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक मुक्कामावर तुम्ही स्वतः फोन करा. नंबर आयोजकाकडून घेऊ नका, स्वतंत्रपणे शोधा. आमच्या नावाने बुकिंग आहे का, एवढंच विचारू नका. आगाऊ रक्कम मिळाली का, ते विचारा.

शेवटचा घाव सायकली परत करताना बसला. "गिअरचा हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलाय, रिम डळमळते, फ्रेमवर ओरखडे आहेत," म्हणत त्याच्या माणसाने सगळ्यांचं डिपॉझिट अडकवलं. ओरखडे आधीचेच होते. एका मैत्रिणीने सायकली ताब्यात घेतानाच सहज म्हणून व्हिडिओ काढला होता, त्यात ते दिसत होते. तो दाखवल्यावर तिचं आणि शेजारी उभ्या दोन सायकलींचं डिपॉझिट परत मिळालं, बाकीच्यांचं नाही. त्यामुळे व्हिडिओ प्रत्येक सायकलचा वेगळा काढा. पेडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला क्रमांक त्यात दिसला पाहिजे, मग दोन्ही चाकं फिरवून, दोन्ही ब्रेक दाबून, गिअर मागून नीट दाखवून. देणाऱ्याचा आवाज त्यात असेल तर आणखी उत्तम. आणि मूळ ओळखपत्र तारण म्हणून कधीही देऊ नका. आमच्यातल्या एकाचं त्यांनी ठेवून घेतलं होतं, त्यामुळे वाद घालायची वेळ आली तेव्हा आम्हीच दबून बोलत होतो.

विमाही "समाविष्ट" होता म्हणे. मागितल्यावर जो कागद हातात आला तो आम्हीच सही केलेला, काही झालं तर जबाबदारी आमची असं सांगणारा. खऱ्या विम्याला पॉलिसी क्रमांक असतो, विमा कंपनीचं नाव असतं, आणि विमा ज्यांचा उतरवला त्यांची नावं असतात. तिन्ही दिसल्याशिवाय विमा आहे असं मानू नका.

परत आल्यावर ज्या दोघांनी क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते त्यांनी बँकेकडे, सांगितलेली सेवा मिळाली नाही म्हणून व्यवहाराला हरकत घेतली. जाहिरातीची छायाचित्रं, फॉर्ममधली मापं, मालकीणबाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी आणि फोनवरचे संदेश जोडले. त्यांचे पैसे परत आले. खात्यातून थेट पाठवणाऱ्या आम्हा बाकीच्यांना तो रस्ता नव्हता, कारण आपण स्वतः मंजूर केलेली रक्कम एकदा दुसऱ्याच्या खात्यात गेली की ती बँकेकडून ओढून आणणं फार कठीण. आयोजक कार्डाने पैसे घ्यायला का टाळाटाळ करत होता, "त्यात माझं कमिशन जातं" असं का सांगत होता, ते तेव्हा उमगलं.

आम्ही सगळ्यांनी मिळून एकच तक्रार केली आहे. एकेकट्याने केली असती तर प्रत्येकाची रक्कम किरकोळ दिसली असती. पावत्या तारखेच्या क्रमाने, त्यांच्या शेजारी त्या दिवशीचे संदेश, असं मांडल्यावर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कोणाला काय सांगून पैसे काढले ते एका नजरेत दिसलं. गुडघ्याच्या मैत्रिणीने डॉक्टरांचा कागदही जोडला आहे. चौकशी अजून चालू आहे. तुमच्याकडूनही कुणी असेच एकेकट्याला फोन करून पैसे घेतले असतील, तर आधी ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पावत्या मागवा. लाज वाटून कुणी पावती दाबून ठेवत असेल तर त्याला हे वाचायला द्या.