सायकलवर न्यायची गॅस शेगडी: सात महिन्यांनंतर

घेताना मी फक्त वजन पाहिलं. २५ ग्रॅमचा, मुठीत मावणारा टायटॅनियमचा बर्नर. गॅसच्या डब्यावर फिरवून बसवला की झालं. अलिबागहून किनाऱ्याने रत्नागिरीकडे निघालो आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं, इथे स्वयंपाक वाऱ्याच्या मर्जीवर चालतो. खारा वारा सुटला की ज्योत टोपाखालून बाजूला पळायची. वाळूत तो सगळा उंच डोलारा डुगडुगायचा. आंजर्ल्याला शिजत आलेली खिचडी कलंडली, ती रात्र बिस्किटांवर काढली.

अशा वेळी चारी बाजूंनी पत्र्याचा आडोसा लावायचा मोह होतो. डब्यावर बसणाऱ्या बर्नरला तो कधीही लावू नका. आत कोंडलेल्या उष्णतेने डबा तापून फुटू शकतो.

परत आल्यावर नळीची शेगडी घेतली. तीन पसरट पाय, रुंद बर्नर, आणि गॅसचा डबा नळीने जोडलेला, बर्नरपासून वीतभर दूर. वजन १७० ग्रॅम. पाण्याची भरलेली बाटलीच किलोभर भरते, त्यामुळे वरचे १४५ ग्रॅम वरंधा घाट चढतानाही मला जाणवले नाहीत. आडोसा मात्र बिनघोर लावता येतो. घरच्या काट्यावर तोलून पाहिलं: अर्धा लिटर पाण्याला आडोशात ८ ग्रॅम गॅस लागतो, जुन्या बर्नरला वाऱ्यात १५ लागायचा.

फिरवून बसवायचे, आट्यांचे (स्क्रूचे) गॅसचे डबे गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानांतच मिळतात. म्हणून मी अडॅप्टर लावून २२० ग्रॅमचे लांबट ब्यूटेनचे डबे वापरतो. ते आडवे ठेवताना कडेवरची खाच वरच्या बाजूला हवी, नाहीतर नळीत वायूऐवजी द्रव येतो आणि ज्वाळा भडकते.

डिसेंबरात भंडारदऱ्याला पहाटे ज्योत अगदी मलूल झाली. ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, त्यामुळे ८-१० अंशांत त्याचा दाब आधीच कमी असतो. त्यात वापरताना डबा आणखी गार पडतो. थाळीत कोमट पाणी घेऊन त्यात डबा ठेवला, तेव्हा कुठे चहा झाला.

गॅस वाचवायला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो भिजवण्याचा. दुपारच्या थांब्यावर तांदूळ आणि मूगडाळ घट्ट झाकणाच्या डब्यात भिजत घालतो, मुक्कामी पोचेपर्यंत छान फुगलेली असतात. परतीला कोकण रेल्वे धरायची असेल तर गॅसचा डबा सोबत नेता येत नाही, अर्धा उरला असला तरी. म्हणून निघतानाच डबा तोलून वजन त्यावर लिहून ठेवतो, आणि शेवटच्या दोन दिवसांत उरलेल्या गॅसवर भेटेल त्या सायकलवाल्याला चहा पाजतो.