सरळ पंख की मागे झुकलेला? आधी माख आकडा काढा

कुर्ल्यात गच्चीवर उभं राहून उतरणारी विमानं नीट पाहा. एटीआर ७२ चे पंख जवळजवळ सरळ, एअरबस ए३२० चे सुमारे २५ अंश मागे झुकलेले. डिझाइन प्रोजेक्टसाठी यातलं काय घ्यायचं, ते क्रूझच्या (उंचीवर सलग उडण्याच्या) वेगावर ठरवा, रुबाबावर नाही.

एटीआर ताशी ५०० किमीच्या आसपास उडतं, म्हणजे साधारण माख ०.४५ (ध्वनीच्या वेगाच्या ०.४५ पट). एवढ्या वेगात पंखावर शॉक वेव्ह (हवेच्या दाबातली अचानक उडी) तयारच होत नाही, मग स्वीपचं, म्हणजे पंख मागे झुकवण्याचं, ओझं कशाला? ए३२० चं क्रूझ माख ०.७८. पंखावरून जाताना हवा आणखी वेग घेते, काही भागात ध्वनीच्या पुढे जाते, शॉक बसतो आणि ड्रॅग (हवेचा विरोध) एकदम चढतो. झुकलेल्या पंखाच्या बाबतीत महत्त्वाचा असतो तो त्याला काटकोनात येणारा वेग : ०.७८ × कोस २५° = ०.७१. कागदावर. प्रत्यक्षात पंखाच्या मुळाशी आणि टोकाला प्रवाह वेगळा वागतो, फायदा कमी मिळतो.

किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते. ३५ अंश स्वीप घेतला तर तेवढ्याच स्पॅनला (टोक ते टोक अंतराला) स्पार, म्हणजे पंखातला मुख्य कणा, २२ टक्के लांब होतो. कमाल लिफ्ट (पंखाची उचल) साधारण कोसाइनच्या प्रमाणात घटते, म्हणून स्टॉलचा वेग, ज्याच्या खाली पंख लिफ्ट सोडतो तो, सुमारे १० टक्के वाढतो आणि उतरताना ब्रेकना २० टक्क्यांहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. जुलैतल्या ओल्या धावपट्टीवर हा आकडा बोचतो. सगळ्यात वाईट म्हणजे टोकाचा स्टॉल. हवेचा मंदावलेला थर टोकाकडे सरकतो, आधी टोकं लिफ्ट सोडतात. ती गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने नाक खाली जाण्याऐवजी वर उठतं, आणि आयलरॉनही (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा) तिथेच! म्हणून वॉशआउट (टोकाचा कोन कमी करणारा पीळ), स्लॅट (पुढच्या कडेच्या पट्ट्या), फेन्स (पंखावरची उभी पाती) असली ठिगळं आली.

आमचा कौल : माख ०.६५ च्या खाली सरळ पंख. ०.७ च्या आसपास आधी पातळ किंवा सुपरक्रिटिकल एअरफॉइल (शॉक सौम्य ठेवणारा पंखाच्या छेदाचा आकार) वापरून बघा. बोइंग ७४७ ला ३७.५ अंश लागले, नंतरच्या ७७७ ने चांगल्या एअरफॉइलवर जवळपास तेवढाच वेग ३१.६ अंशांत गाठला. ०.७५ च्या पुढे स्वीपला पर्याय नाही.

ताशी १५० किमीचं मॉडेल म्हणजे माख ०.१२, तिथे स्वीप निव्वळ शोभेचा. तरी हवाच असेल तर बॅलन्स सांभाळा. अर्धा पंख ६० सेंमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) सगळीकडे २० सेंमी, स्वीप २५ अंश असेल, तर पंखाचा पाव-कॉर्ड बिंदू (जिथे लिफ्ट साधारण एकवटते) मुळाच्या पुढच्या कडेपासून ५ नव्हे, १९ सेंमीवर येतो. गुरुत्वमध्य मुळाशी ५ सेंमीवर धरलात तर मॉडेल इतकं नाकजड होईल की एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) पूर्ण ओढूनही नाक उचलणार नाही.