ज्या फायली हरवल्याच नव्हत्या, त्यांचे पैसे

अपडेटनंतर जुना लॅपटॉप सुरू केला आणि डेस्कटॉप कोरा, डॉक्युमेंट्स रिकामं, वॉलपेपरसुद्धा कंपनीचा मूळचा, असं दिसलं तर लगेच कुणाला फोन लावू नका. बऱ्याचदा विंडोजला तुमचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या नावाच्या फायली आणि सेटिंग्ज, उघडता आलेलं नसतं, म्हणून त्याने तात्पुरतं प्रोफाइल समोर ठेवलेलं असतं. तशी सूचना येतेही, पण वाचेपर्यंत निघून जाते. फेब्रुवारी २०२० मधल्या विंडोज १० च्या एका अपडेटनंतर बऱ्याच लोकांना हाच अनुभव आला होता. भीती अगदीच बिनबुडाची नाही म्हणा. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने काहींच्या फायली खरोखर पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. पण तो प्रकार वेगळा.

माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा मी नेटवर लॅपटॉप कंपनीचं नाव आणि पुढे 'सपोर्ट नंबर' टाकून शोधलं. सगळ्यात वर आलेला नंबर जाहिरातीतला होता, कंपनीचा नव्हताच. पलीकडचा माणूस कमालीचा नम्र. त्याने एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, स्क्रीनवरचा आकडा वाचून घेतला आणि माझा माउस आपोआप फिरू लागला.

त्याने आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. "सर, ही लाल चिन्हं दिसतायत ना? मोजा बरं किती आहेत." मी मोजायला लागलो, संपेचनात. ही यंत्राची रोजनिशी असते आणि तिच्यात अगदी नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही एरर सापडतात. १००१६ क्रमांकाची जी नोंद त्याने मोठी करून दाखवली, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं.

मग काळी खिडकी उघडून त्याने 'ट्री' असं टाइप केलं. फोल्डरांची नावं सरासर वर सरकू लागली. "स्कॅन चालू आहे, सर." ती थांबली तेव्हा शेवटच्या ओळीत होतं: व्हायरस सापडला. ट्री ही कमांड फक्त फोल्डरांची यादी देते. ती ओळ त्याने स्वतः टाइप केली होती. कानाशी कुणी बोलत असताना कर्सर कुठे लुकलुकतोय, इकडे कोण बघतं?

कार्डावरून 'लाइफटाइम प्रोटेक्शन'चे पैसे गेले. स्क्रीन काळी झाली, "रिकव्हरी चालू आहे, हात लावू नका." थोड्या वेळाने फायली डेस्कटॉपवर हजर. मला तर त्याचे आभार मानावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू केला तर पुन्हा सगळं गायब. फोन केला तर उत्तर तयार होतं: व्हायरस परत आलाय, आता वरचा प्लॅन घ्यावा लागेल. इथे माझ्या भाचीने लॅपटॉप ओढून घेतला. "मामा, सी ड्राइव्हमध्ये यूजर्स उघडून बघितलंत का?" तिथे माझ्या नावाचं फोल्डर जसंच्या तसं होतं. त्या माणसाने त्यातूनच फायली कॉपी करून तात्पुरत्या प्रोफाइलच्या डेस्कटॉपवर टाकल्या होत्या, आणि साइन आउट केलं की ते प्रोफाइल त्यातल्या सगळ्या सामानासकट पुसलं जातं. त्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. धंद्याला सोयीचंच होतं ते.

भाचीने आधी नेट बंद केलं, मग ते सॉफ्टवेअर काढलं, माझं जुनं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं आणि त्यानंतरच प्रोफाइल दुरुस्त केलं. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले, बँकेला सांगून कार्ड बंद केलं.

तेवढ्यावर सुटका होत नाही. काही दिवसांनी 'रिफंड'चा फोन येतो: कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचेत, फक्त पुन्हा एकदा स्क्रीन द्या आणि बँकेचं पान उघडा. मग चुकून जास्त रक्कम जमा झाली, वरची परत पाठवा, असं रडगाणं सुरू होतं. पानावर शिल्लक वाढलेली दिसतेही, कारण ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा त्यांनी जागच्या जागी बदललेला असतो. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा परत येतो. म्हणून तर ते रिफ्रेश करू देत नाहीत.