आई-मुलांनी मिळून लिहायची प्रश्नांची वही: चार महिने वापरून झाल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत मी ऑनलाईन एक जर्नल मागवलं होतं, आई आणि मूल दोघांनी मिळून लिहायचं, प्रत्येक पानावर वरती एक प्रश्न छापलेला, डावीकडे मुलाने लिहायचं आणि उजवीकडे आईने. 450 रुपयाला पडलं. घरात 13 वर्षांची मुलगी आहे, शाळेतून आल्यावर दिवस कसा गेला विचारलं की "ठीक" एवढंच, आणि 9 वर्षांचा मुलगा आहे जो दिवसभर बडबड करतो पण सगळी क्रिकेट नाहीतर गेमची, स्वतःबद्दल अवाक्षर नाही. म्हणून घेतलं. रोज नाही जमलं पण आठवड्यातून तीनदा तरी लिहिलंय.

वही दिसायला छान आहे, पुठ्ठा जाड, पण आतला कागद पातळ, जेल पेनची शाई पलीकडे उमटते आणि इथे तर दोन्ही बाजूंनी लिहायचंय, मग आम्ही बॉलपेनवर आलो. कव्हरचं इलास्टिक 2 महिन्यांत सैल पडलं. हे एक वेळ चालतं हो, पण प्रश्न! बर्फ पडून शाळेला सुट्टी मिळाली तर काय करशील? तुझ्या खोलीतली आवडती जागा कोणती? आम्ही चौघं वन बीएचकेमध्ये राहतो, मुलं हॉलमध्ये गादी घालून झोपतात, मुलीने त्या पानावर नुसती रेघ मारली. आणि काही प्रश्न इतके मोठे की मोठ्या माणसालाही सुचणार नाही, आयुष्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते वगैरे. मुलाने लिहिलं "पाल", मुलीने "माहीत नाही".

पण मधेच एक साधा प्रश्न होता, आज डबा कुणाबरोबर खाल्लास? त्यावर मुलाने लिहिलं की तो जिन्याच्या पायरीवर बसून एकटाच खातो कारण बाकावरची जागा बदलली आणि नवीन बाकावरची मुलं सरकत नाहीत. त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात ती एकच ओळ होती, खाली पायऱ्यांचं चित्र काढलेलं, पाच पायऱ्या आणि तिसरीवर चौकोनी डबा. मी रोज डबा भरून देते, रोज रिकामा आला का बघते, पण तो कुठे बसून खातो हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. एवढ्या एका पानासाठी माझे 450 रुपये वसूल झाले, खरंच सांगते.

म्हणून माझं मत असं झालंय की प्रश्न जितका छोटा आणि डोळ्यासमोरचा तितकं मूल जास्त सांगतं. मन मोकळं कर म्हणलं की ते दार लावून घेतं, रिक्षात तुझ्या शेजारी कोण बसतं विचारलं की सगळी रिक्षा सांगतं.

जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1986 चा एक प्रयोग आहे, कॉलेजच्या मुलांना सलग 4 दिवस 15-15 मिनिटं मनातलं अवघड लिहायला लावलं, तर ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं त्यांचं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालं. पण लिहिल्या लिहिल्या त्यांना आधी जास्त वाईटच वाटलं होतं. आणि ते लिखाण घरच्यांनी वाचायचं नव्हतं. आपण तर वाचणार असतो, तेव्हा जपून राहायला हवं. माझ्याकडून एकदा चूक झाली, मुलीने लिहिलेलं मी फोनवर बहिणीला सांगत होते, कौतुकानेच, ते तिने ऐकलं आणि 3 आठवडे वहीला हात लावला नाही. मग मी तिची माफी मागितली, बोलून नाही, वहीतच लिहून. तेव्हापासून आमचं ठरलंय, दुमडलेलं पान कुणी उघडायचं नाही, वहीतलं वहीबाहेर न्यायचं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं नाही, ती तर मराठी इंग्रजी अक्षरात लिहिते, लिहू दे. यातलं एकही त्या जर्नलमध्ये दिलेलं नाही, खरं तर पहिल्या पानावर हेच छापायला हवं होतं.

तर घ्यावं का? मूल दहाच्या आतलं असेल तर घ्या, चित्रांमुळे त्यांना मजा येते. मोठ्या मुलांसाठी मात्र पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून चांगल्या जाड कागदाची कोरी वही आणा आणि प्रश्न घरातच काढा. आता आमच्याकडे आजीसुद्धा प्रश्न सांगते, ती बोलते आणि मुलगा लिहून घेतो. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, घरात कुणाच्या चपलांचा आवाज आला की तुम्ही टीव्ही बंद करता? दोघांनी एकच उत्तर लिहिलं, बाबांच्या, आणि बाबांनी ते वाचून खाली स्वतः अर्धं पान लिहिलं. आधी ते वहीकडे बघतही नव्हते.

नवीन वहीत मुलीने परवा मला प्रश्न घातलाय, तू आमच्यावर ओरडल्यावर किचनमध्ये जाऊन काय करतेस? माझं पान अजून कोरं आहे, आज रात्री लिहायला बसणार आहे.