डब्यावर २० किलो, काट्यावर १२: स्वस्त स्टिअरिंग सर्व्होचे नऊ महिने

सर्व्हो, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीची पुढची चाकं वळवणारी मोटर, घेताना मी केलेली चूक बहुतेक सगळेच करतात. डब्यावरचे किलो बघितले, किंमत बघितली आणि घेऊन टाकला. नऊ महिन्यांत तीन सर्व्हो झाले. पहिला मेला, दुसरा चांगला असूनही चुकीचा निघाला आणि तिसरा अजून ट्रकमध्ये आहे. लिहायचंय ते तिसऱ्याबद्दल, पण पहिल्या दोघांनी जे शिकवलं त्याच्यामुळेच तो टिकलाय.

आधी गाडी. १/१० मापाचा क्रॉलर (दगडांवरून सावकाश चढणारा) ट्रक, सेकंड हँड. म्हणजे खरं तर खिचडीच: चेसी एकाची, ॲक्सल दुसऱ्याचे, बॉडी तिसऱ्याची. बॅटरीसकट वजन पावणेतीन किलो, रिम १.९ इंची, पुढचा आणि मागचा दोन्ही डिफरन्शिअल लॉक. हे लॉक प्रकरण महत्त्वाचं आहे. साध्या गाडीत वळताना आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. लॉक केलेल्या ॲक्सलची दोन्ही चाकं बरोबरीनेच फिरायचा हट्ट धरतात. गाडी वळायला राजी नसते आणि तिला राजी करायचं काम सर्व्होच्या गळ्यात पडतं. त्यातून पुढचं चाक दोन दगडांच्या खाचेत बसलं असेल तर बघायलाच नको.

राहतो साताऱ्यात, त्यामुळे दगडांना तोटा नाही. अजिंक्यताऱ्याचा उतार, यवतेश्वरची बाजू, पावसाळ्यात उरमोडीचा काठ. (कासच्या पठारावर गाडी नेत नाही, तुम्हीही नेऊ नका. तिथली माती बोटभर आणि फुलं तिच्यावरच. आपल्या टायरला दगड कुठेही मिळतात.)

पहिला सर्व्हो पुण्यात तपकीर गल्लीत घेतला. दुकानदाराने डबा काढता काढता विचारलं, "प्रोजेक्टला का सर?" ही दुकानं चालतात इंजिनिअरिंगच्या पोरांवर. त्यांना रोबोटचा हात वर-खाली करायचा असतो, परीक्षेच्या दिवशी एकदा हलला की काम झालं. आपल्याकडे स्वस्त मेटल गिअर सर्व्हो म्हणून एमजी ९९६ आर हा नंबर सगळीकडे दिसतो. त्याचे छापील आकडे ४.८ व्होल्टला ९.४ किलो-सेंमी, ६ व्होल्टला ११, वजन ५५ ग्रॅम. पण या नंबरचा स्टिकर लावून काय काय विकलं जातं त्याला सुमार नाही. मला मिळालेला असाच होता, कंपनीचं नाव कुठेच नाही, साडेतीनशे रुपये. तीन रविवार चालला. चौथ्या रविवारी पुढचं चाक हातभर उंचीवरून एका कडेला आपटलं, कर्र असा आवाज आला आणि पोरगं ओरडलं, "बाबा, एकच चाक बाहेर बघतंय!" एकच नव्हे, दोन्ही एकाच बाजूला बघत होती. रिमोट कितीही फिरवा, आतली मोटर नुसती गुणगुणत होती.

घरी येऊन तळाचे चार लांब स्क्रू काढले आणि वरचं झाकण उचललं. ग्रीसमध्ये सोनेरी चुरा मिसळला होता, जत्रेतल्या पेढ्यावर वर्ख लावावा तसा. शेवटून दुसऱ्या पितळी गिअरचे तीन दाते सपाट झाले होते. डब्यावर 'मेटल गिअर' लिहिलेलं खोटं नव्हतं. पितळ धातूच की! फक्त त्या जागी ते फार मऊ पडतं, एवढंच.

इथे किलोचा हिशेब सांगून टाकतो, कारण तो न कळल्यामुळेच आपण फसतो. २० किलो-सेंमी म्हणजे आसाच्या मध्यापासून १ सेंमीवर २० किलोचा जोर. सर्व्होवर जी दांडी बसते तिला हॉर्न म्हणतात (घरी "हॉर्न तुटला" म्हटलं तर आई म्हणाली, मग तोंडाने वाजव). माझ्या हॉर्नचं भोक मध्यापासून २.५ सेंमीवर आहे. तिथे २० चे ८ किलो उरतात. शिवाय तो आकडा अडून बसल्यावरचा, सर्व्हो जागचा हलत नाही तेव्हाचा, आणि डब्यावर लिहिलेल्या सर्वात जास्त व्होल्टेजवरचा. तुमची ईएससी (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) सर्व्होला ५ व्होल्ट देत असेल तर डब्यावरचा ६.८ व्होल्टचा आकडा तुमच्यासाठी नाहीच.

दुसऱ्या खेपेला अक्कल आल्यासारखा २० किलोवाला मागवला, ऑनलाइन, अकराशे पन्नास रुपये. मधला भाग ॲल्युमिनिअमचा, डिजिटल, २५ दात्यांचा आस, दोन बेअरिंग. हातात घेतल्यावरच वजनदार वाटला. बसवला, आणि गाडी चालवणं अशक्य झालं. रिमोटचं चाक जरा हललं की पुढची चाकं टोकाला. टोकाला गेल्यावर नकल (चाक वळवणारा सांधा) आपल्या अडथळ्याला टेकायची आणि सर्व्हो तिथेच कण्हत बसायचा. पाच मिनिटांत एवढा गरम की बोट ठेववेना.

दोन दिवस रिमोटशी भांडलो, मग वस्तूच्या पानावर खाली बारीक अक्षरात दिसलं: २७० अंश. हाच सर्व्हो १८० आणि २७० अशा दोन प्रकारांत येतो आणि दिसायला दोन्ही जुळे भाऊ. पूर्ण हालचाल ५०० ते २५०० मायक्रोसेकंदांच्या पल्सवर (सिग्नलच्या ठोक्याच्या लांबीवर) होते. आपला रिमोट मात्र साधारण १००० ते २००० एवढंच पाठवतो, मध्य १५००. म्हणजे १८० वाला इकडे ४५, तिकडे ४५ अंश जातो, जे स्टिअरिंगला हवंच असतं. २७० वाला दोन्हीकडे साडेसदुसष्ट. रिमोटमधले एंड पॉइंट (चाकं दोन्हीकडे किती वळावीत ती मर्यादा) कमी करून भागवता येतं, पण मग सिग्नलचा बराचसा पल्ला वाया जातो आणि मध्याजवळचा बारीकपणा हरवतो. तो सर्व्हो आता पुतण्याच्या रोबोटच्या हातात सुखाने नांदतोय. प्रोजेक्टलाच!

तिसराही २० किलोवालाच, पण मागवताना विक्रेत्याला आधी मेसेज करून १८० असल्याचं लेखी घेतलं. हाच तो. फेब्रुवारीपासून गाडीत आहे.

बसवायच्या आधी यावेळी मोजून पाहिलं. सर्व्हो टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळला, २.५ सेंमीवरच्या भोकात तार अडकवली आणि तिला प्रवासी बॅगेचा लटकता काटा लावला. ५ व्होल्टला काटा ४.८ वर थांबला, म्हणजे १२ किलो-सेंमी. ६ व्होल्टला ६.१, म्हणजे सव्वापंधरा. बॅगेचा काटा काही प्रयोगशाळेचा नाही, पण अंदाज यायला पुरे. मला त्यात फसवणूक वगैरे वाटली नाही. या किमतीला ६ व्होल्टवर खरे १५ किलो मिळत असतील तर ते भरपूर झाले. एका मित्राच्या ट्रकमध्ये साव्हॉक्सचा ०२३१ एमजी आहे. त्याच्यावर ६ व्होल्टला १५ किलोच लिहिलंय, आणि त्याची गाडी दगडात माझ्यासारखीच वळते. त्याने मोजले माझ्या चारपट पैसे. त्याचा जास्त वर्षं टिकेल, हे मला मान्य आहे.

मजा पुढे आहे. तिसरा बसवून टेकडीवर गेलो आणि गाडी भलतंच वागायला लागली. चढावर चाक अडलं, मी स्टिअरिंग मारलं, की अख्खी गाडी बंद. मोटर, दिवे, सगळंच. एक सेकंद थांबून परत चालू. चालायला आलेले एक काका थांबून बघत होते. म्हणाले, "काय ओ, पेट्रोल संपलं काय?" हसलो, पण काकांचं निदान बरोबर होतं. सर्व्होला पेट्रोल कमी पडत होतं.

मल्टिमीटर रिसीव्हरच्या (गाडीत रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीच्या) रिकाम्या चॅनलला लावला. नुसती उभी असताना ५.० व्होल्ट. चाक हाताने धरून स्टिअरिंग मारल्यावर आकडा ३.७ पर्यंत कोसळला. अडलेला २० किलोवाला सर्व्हो दोन-अडीच अँपिअर सहज ओढतो, आणि माझ्या ईएससीतली बीईसी (सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग) मोठ्या मुश्किलीने दोन देते. व्होल्टेज पडलं की रिसीव्हर बेशुद्ध. अशा वेळी लोक सर्व्होला किंवा रिमोटला शिव्या घालतात. मी दोघांनाही घातल्या.

उपाय म्हणजे वेगळी यूबीईसी (ईएससीबाहेरची स्वतंत्र बीईसी), ३ अँपिअरची, ५ किंवा ६ व्होल्ट निवडता येणारी. साडेचारशे रुपये. तिच्या तारा बॅटरीच्या कनेक्टरवर डागल्या, दुसरं टोक रिसीव्हरच्या बॅटरीच्या खाचेत, जंपर ६ व्होल्टवर. आणि ही गोष्ट विसरू नका: ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या प्लगमधली मधली लाल तार काढायची. टाचणीने प्लास्टिकची जीभ उचलली की पिन बाहेर येते. तिला हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून बाजूला बांधून ठेवायची, नाहीतर दोन बीईसी एकाच तारेत एकमेकींशी भांडत बसतात. हे केल्यावर तीच चाचणी, तेच धरलेलं चाक: ५.८. त्या दिवसापासून गाडी एकदाही मध्येच बंद पडलेली नाही, आणि वळण्यातला जोर तर हाताला जाणवण्याइतका वाढला. सर्व्हो तोच. म्हणून कुणी विचारलं की २५ किलोवाला घेऊ की ३५, तर मी आधी विचारतो, त्याला खायला काय घालणार आहेस? दोन हजारांचं बजेट असेल तर दोन हजारांचा सर्व्हो घेऊ नका. बाराशेचा घ्या आणि बाकीचे विजेवर आणि हॉर्नवर घालवा.

हॉर्नवर, कारण सोबत येणारा प्लास्टिकचा हॉर्न महिनाभरात आसावर ढिला होतो. ॲल्युमिनिअमचा घ्या, पण दाते मोजून. २५ दात्यांच्या आसावर २३ चा हॉर्न ठोकून ठोकून बसतो आणि आसाचं वाटोळं करतो. मधल्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला न होऊ देणारा गोंद) थेंबभर. हॉर्न चढवण्याआधी रिमोट चालू करून ट्रिम (मध्य इकडेतिकडे सरकवायची सेटिंग) शून्यावर आणायचा, सर्व्हो मध्यावर आल्यावरच हॉर्न सरळ बसवायचा. मग एंड पॉइंट: चाक अडथळ्याला टेकून सर्व्हो कण्हायला लागला की दोन-तीन टक्के मागे यायचं, दोन्ही बाजूंना वेगवेगळं. या एका सेटिंगने पहिला सर्व्होही कदाचित जास्त जगला असता.

उड्या मारणाऱ्या वेगवान ट्रकवाल्यांनी माझा अनुभव जसाच्या तसा घेऊ नये. त्यांना वेग हवा आणि धक्का झेलणारा स्प्रिंगवाला सर्व्हो सेव्हर हवा. माझा ६० अंशाला ०.१६ सेकंद घेतो. क्रॉलरला तेवढं पुष्कळ.

पाण्याचं. डब्यावर 'वॉटरप्रूफ' आहे. जूनमध्ये उरमोडीत उतरवायच्या आधी उघडून बघितलं, तर वरच्या झाकणाला रबरी रिंग होती, खालच्याला नुसता गोंदाचा पट्टा, तोही एका कोपऱ्यात तुटलेला. खालच्या सर्किटवर बायकोची नेलपॉलिश दोन हात दिली (विचारून, रंग तिनेच निवडला, तिला न आवडणारा), कडांना आणि आसाभोवती सिलिकॉन ग्रीस. पाण्यातून आल्यावर गाडी उन्हात उलटी. पावसाळाभर पाणी आत गेलं नाही. वरचं बेअरिंग मात्र गंजून खरखरतंय.

आता तक्रारी. उभा असताना डासासारखी सतत गुणगुण, डिजिटल असल्याने ती राहणारच, पण बंद खोलीत डोकं उठतं. हॉर्न हाताने हलवला तर नवीन असताना नसलेली केसभर ढिलाई आता आहे. आणि गेल्या पंधरा दिवसांपासून चाकं बरोबर मध्यावर असताना थरथरतात, जरा वळवली की शांत. आतल्या पोटेन्शिओमीटरची (आस किती फिरला ते मोजणाऱ्या भागाची) तीच जागा सर्वात जास्त घासली जाते, तेव्हा ते अपेक्षितच. या रविवारी उघडून काँटॅक्ट क्लीनर मारणार आहे. थरथर राहिलीच तर त्याच विक्रेत्याला परत मेसेज: दादा, तोच द्या, १८० चा. यूबीईसी आणि हॉर्न आहेतच.